अडलेली फ्लॉपी

लॅपटॉपनं आजही फ्लॉपी ओळखली नाही. रोहितनं ती बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हमधून काढली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि पुन्हा आत सरकवली. ड्राइव्ह जरा कुरकुरला आणि गप्प बसला.

"न्हाई होत, आई."

  पौडच्या एसटी स्टँडामागच्या या टीचभर दुकानात जयाबाईंनी निम्म्या तालुक्याच्या लग्नपत्रिका टाइप करून लावल्या होत्या, आणि सगळ्या एकाच मराठी प्रोग्रॅमवर. तो आला होता या काळ्या फ्लॉपीतून. विकणारी कंपनी मोठी हुशार. फ्लॉपीची नक्कल करून प्रोग्रॅम बसवायला गेलं तर तो चालायचा नाही, मूळ फ्लॉपीच हवी. आता ती कंपनी कधीच बुडाली होती, जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता, आणि लेकानं दुकानासाठी आणलेल्या लॅपटॉपला फ्लॉपी घालायला फटच नव्हती. म्हणून रोहितनं पुण्यातून हा वेगळा ड्राइव्ह आणला. तो बाकीच्या सगळ्या फ्लॉप्या वाचायचा. नेमकी हीच वाचायचा नाही.

महिना होत आला, रोज हेच चाललं होतं. रोहित हिंजवडीला मोठ्या कंपनीत इंजिनियर. "सध्या घरनंच काम हाय, मग हितं बसून करतो, तुझंपण बघतो," असं त्यानं आल्या दिवशी सांगितलं होतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. पाठीला सॅक, सॅकमध्ये बायकोनं, सायलीनं भरलेला डबा. दिवसभर लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसायचा आणि संध्याकाळी कंपनीच्या कॅब सुटायच्या वेळेला मोटारसायकलला किक मारायचा.

पहिले काही दिवस जयाबाईंना बरं वाटलं. लग्न झाल्यापासून पोरगं एवढं कधी शेजारी बसलं नव्हतं. पण लग्नसराई तोंडावर आली आणि जुन्या कॉम्प्युटरनं नाकी नऊ आणले. चार ओळी झाल्या की अडकायचा. वरून थापटला की चालू व्हायचा, पण शेवटची ओळ गिळून. परवा त्यानं विठ्ठलरावांच्या पुतणीच्या पत्रिकेतून थोरल्या चुलत्याचं नाव गिळलं. जयाबाईंच्या ते ध्यानात आलं नाही, पत्रिका छापून घरोघर गेल्या आणि भावकीत भडका उडाला. आज सकाळी विठ्ठलराव दुकानात येऊन सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल असं बोलून गेले. नव्या पत्रिकेच्या मजकुराचा कागद टेबलावर आपटून गेले ते वेगळंच.

"रोहित, बास झालं," जयाबाई चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या. "उद्या हा लॅपटॉप पिरंगुटच्या रिपेरिंगवाल्याकडं देते. तू तुझं कंपनीचं काम बघ. एवढं शिकलास आन् एक फ्लॉपी बसंना तुला."

रोहितचा चेहरा उतरला. "अजून थोडे दिवस दे ना, आई." मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटत उठला. "चहा आणतो."

तो गेल्यावर जयाबाईंनी लॅपटॉप पिशवीत भरायला घेतला. झाकण अर्धवट मिटलेलं होतं. धूळ पुसावी म्हणून त्यांनी ते उघडलं.

समोर त्यांचा प्रोग्रॅम होता.

तोच निळा पट्टा, कोपऱ्यात तोच गणपती. त्यांनी भीत भीत एक अक्षर दाबलं, ते उमटलं. जुना कॉम्प्युटर आख्खाच्या आख्खा या लॅपटॉपच्या पोटात उतरवल्यासारखा दिसत होता. फ्लॉपीची गरजच नव्हती. आणि त्यांच्या सगळ्या जुन्या पत्रिका गावागावानुसार नीट लावलेल्या होत्या. मुठ्याची लग्नं मुठ्यात, कोळवणची कोळवणात, मालेची मालेत. एका दिवसाचं काम नव्हतं ते. कितीतरी दिवस कुणीतरी मन लावून करत बसलं होतं.

आधी त्यांना रागच आला. जमलं होतं तर आईला राबवलं कशाला? विठ्ठलरावांच्या शिव्या खायला लावल्या कशाला?

मग त्यांची नजर खुर्चीला अडकवलेल्या सॅककडे गेली. डब्याचं झाकण वर डोकावत होतं.

आईच्या दुकानात येऊन बसणाऱ्या माणसाला बायको डबा कशाला भरून देईल? इस्त्रीचा शर्ट कशाला? आणि इतक्या दिवसांत याला कंपनीचा एक फोन आलेला आपण ऐकला का? म्हणजे याची नोकरी गेलीय. सायलीला वाटतंय नवरा ऑफिसला जातो, आईला वाटतंय घरून काम करतो. आणि पोरगं रोज एका न बसणाऱ्या फ्लॉपीपाशी येऊन बसतंय, कारण दिवस काढायला त्याला दुसरी जागा नाही. तीही आपण आज काढून घेत होतो.

त्यांनी झाकण होतं तसं अर्धवट मिटलं.

रोहित चहा घेऊन आला. लॅपटॉप पिशवीपाशी सरकलेला पाहून दारातच थबकला. "आई, एवढा एकच आठवडा. होईल बघ."

जयाबाईंनी त्याच्या हातातला ग्लास घेतला, एक घोट घेतला. साखर जास्त होती. मग विठ्ठलरावांचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"पिरंगुटला न्हाई देत. ही पत्रिका आज तूच लाव, ह्याच्यावरच. थोरल्या चुलत्याचं नाव तेवढं इसरू नको."

रोहित कागदाकडे बघत राहिला. त्याची मान वर होईना.

"आन् घरी गेल्यावर सायलीला सांग," त्या म्हणाल्या, "उद्यापासनं डबा भरू नको म्हणावं. माझ्या दुकानात कामाला येणाऱ्याला जेवायला मी घालते."