मुद्देमालात जमा झालेली संध्याकाळ

मंत्र्यांच्या खुनाचा खटला सगळ्या चॅनेलांवर गाजत होता आणि आरोपी होता त्यांचाच ड्रायव्हर, भिकाजी खरात. त्याच्या वकील टिपणीसबाईंनी तुरुंगात येऊन उरलेला एकच मार्ग त्याच्यापुढे ठेवला.

"साक्षीदार फुटले, फोनच्या नोंदी गायब झाल्या. खुनाच्या वेळी तुम्ही घरीच होता हे दाखवायला आता त्या संध्याकाळची आठवणच डोक्यातून काढून कोर्टात द्यावी लागेल."

"मग नक्कल द्या की."

"नक्कल चालत नाही. अस्सल आठवण मुद्देमालात जमा होते, अगदी मुळासकट. तिच्यामागून आलेलं दुःखसुद्धा तिच्याबरोबर जातं."

त्या संध्याकाळी भिकाजीच्या आठ वर्षांच्या मुलीने, मंजूने, तापात त्याच्या मांडीवर जीव सोडला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि तासाभरात पोलीस दारात आले होते.

"म्हणजे सुटल्यावर मी तिला शोधत फिरणार," तो म्हणाला. "एक कागद द्या, बाई. दुसऱ्या कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसायचा नाही."

तीन आठवड्यांनी तो निर्दोष सुटला. किती तरी महिन्यांनी बाईंनी त्याला हसताना पाहिलं.

"बाई, आधी मंजूच्या शाळेत जाऊ. शाळा सुटायच्या आत पोचलं पाहिजे."

टिपणीसबाईंनी त्याला कोर्टाच्या पायरीवर बसवलं आणि पर्समधून त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी काढली.