पुलावरचा टेहळ्या

पुलापलीकडे शत्रू कुठे दबा धरून बसलाय हे कळावं म्हणून मी कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या टेहळ्याला मुद्दाम मरायला पाठवायचो. छातीत बाण लागून तो पडला, की जुना सेव्ह लोड करून खेळ तो मरायच्या आधीच्या क्षणावर न्यायचो.

"ही लबाडी झाली," ताई चहाचा कप घेऊन आत येत म्हणाली.

"अगं, लोड केलं की उठतोच ना मेला! त्याला कुठे काय आठवतंय?"

पुन्हा लोड केलं. या वेळी टेहळ्या पुलाकडे पाठ करून माझ्याकडे बघत उभा होता. मी पूल दाखवला. त्याने माझ्याकडे बोट केलं.

छातीत जीवघेणी कळ आली. ताईच्या हातातला कप फुटल्याचा आवाज आला, मग अंधार.

"ही लबाडी झाली," ताई तोच कप घेऊन आत येत म्हणाली.

पडद्यावर टेहळ्याने पुन्हा बोट उचललं.