पिवळा पेला

घाण एका पाण्यातून दुसऱ्यात कशी पसरते, हे शिकवायला बाईंनी वर्गात खेळ मांडला. प्रत्येकाला पाण्याचा पेला दिला. एकाच पेल्यात गुपचूप धुण्याचा सोडा घातला होता. मग वर्गभर फिरून सगळ्यांनी एकमेकांच्या पेल्यात थोडंथोडं पाणी ओतलं. बाईसुद्धा आपला पेला घेऊन खेळल्या.

शेवटी बाईंनी प्रत्येक पेल्यात हळदीच्या पाण्याचे थेंब टाकले. जिथे सोडा पोचला, तिथलं पाणी लाल झालं. पोरं खिदळत होती. गटार साफ करणाऱ्याच्या मुलीचा पेला तेवढा पिवळाच राहिला.

"शाब्बास. तू कशी गं वाचलीस?"

"माझ्याकडे कुणी आलंच नाही, बाई."

"असं कसं? मी तर सगळ्यांकडे..."

बाईंची नजर खाली गेली. त्यांच्या हातातला पेला लालभडक झाला होता.