दहा पावलांच्या आत

यशोधरा गेल्याचं सांगायला डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं, तेव्हा फोन माझ्या हातात होता. आत नेताना तिनंच तो माझ्याकडे दिला होता.

चौसाळ्याच्या रस्त्यानं आम्ही रोज सकाळी फिरायचो. लेकीनं दिलेलं घड्याळ माझ्या मनगटावर, बिनवायरचे इयरफोन माझ्या कानात आणि फोन तिच्या पिशवीत. त्या घड्याळाला स्वतःचा जीपीएस नाही, ते फोनकडून घेतं. मी दहा पावलं पुढं गेलो की गाणं तुटायचं, नकाशावरची रेघ थांबायची.

ती मागून म्हणायची, "लई पळू नका हो. तुमचं घड्याळ माझ्या पिशवीवर चालतंय."

ती गेल्यानंतर आज पहिल्यांदाच निघालो. घरीच गाणं लावलं होतं, ते पुलापर्यंत नीट चाललं. तिथं घाम पुसायला रुमाल काढला, तर खिशात फोन नव्हता. तो टेबलावर चार्जिंगलाच राहिला होता.

कानात गाणं चालूच होतं. घड्याळावर फोन जोडलेला दिसत होता.

मी भरभर चालायला लागलो. गाणं तुटू लागलं. दम लागून चाल मंदावली, तसं ते पुन्हा स्वच्छ ऐकू आलं.

घरापर्यंत मी तिच्या चालीनं आलो. कुलूप काढलं. टेबलावर नुसती चार्जरची वायर लोंबत होती.

मी उंबऱ्यात उभा आहे. गाणं अजून स्वच्छ ऐकू येतंय. मागं वळून फोन घ्यायचा राहिलाय.