अप्पांची साखर

माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मल्लिकार्जुनअप्पांच्या आवाजाला हमालही दबकून असत, पण साखर तपासायच्या सुईला मात्र ते लहान लेकरासारखे भ्यायचे. त्यांची बायको शिवगंगाबाई रोज सकाळी न चुकता मशीन काढायच्या, आकडा वहीत लिहायच्या आणि लातूरला दिलेल्या लेकीला, वर्षाराणीला, फोनवर कळवायच्या. आकडा अडीचशेच्या खाली कधी आलाच नाही. ती वही बघून डॉक्टर अप्पांना झापायचे आणि वर्षाराणी फोनवर चरफडायची.

"अप्पा, परत चोरून पेढे खाल्ले ना?"

"कपिलधारची आण घेतो पोरी, गोड तोंडाला लावलं न्हाई!"

तिचा कधीच विश्वास बसला नाही.

आणि एका सकाळी, छातीत साधी कळही न येता, शिवगंगाबाईच हार्ट अटॅकनं गेल्या.

पंधरा दिवसांनी वर्षाराणीनं मशीन काढलं, कुरकुरणाऱ्या अप्पांचा हात घट्ट धरला आणि स्वतः त्यांचं बोट टोचलं. एकशे आठ. तिला खरं वाटेना, म्हणून तिनं दुसरं बोट टोचलं. एकशे सहा.

"अप्पा, आई तपासायची तवा रोज अडीचशेच्या वर यायची. आता कशी काय उतरली?"

अप्पा धोतराच्या सोग्याला बोट पुसत राहिले.



"मला भ्या वाटतं म्हणून ती सोताचंच बोट टोचायची गं. म्हणायची, एका चुलीचं खातो, रगत काय येगळं असणार हाय?"