खिळा येईपर्यंत

दोन

"आजोबा, पुन्हा फिरवू?"

"फिरव. पण खिळा आला तर जिंकलेल्या नळ्याही गेल्या."

मुलीनं कुरकुरीत वेफर-नळ्यांच्या लाल डब्याच्या झाकणावरची चक्री फिरवली. पट्टी कटकटत आकड्यांवरून गेली आणि खिळ्यावर थांबली.

"बघा हिचं नशीब!" सोबतचा तरुण हसला. "आणि ही माझ्याशी लग्न करणारे!"

नळीवाल्या फेर्मीननं तिला एक गोड नळी तशीच दिली. मग कंबर धरून बाकावर टेकला. रेतीरो बागेत ऊन उतरलं होतं. त्याची बायको रेमे आली, कानात डूल घालून.

"कधी खुंटीला टांगणार हा डबा? आपल्या लेकीचा, पुरीचा परत फोन आला. अल्बासेतेत तिच्याकडे राहायला गेलो तर लिफ्ट आहे म्हणे, अगदी दारापर्यंत."

"खिळा आला की."

नळीवाल्यानं धंदा सोडायचा तो स्वतःला खिळा आल्यावरच. त्याच्या वडिलांनी तसाच सोडला होता. म्हणून रोज धंदा आवरताना फेर्मीन स्वतःसाठी एकदा चक्री फिरवायचा.

"धर गं. डुगडुगतोय."

रेमे पलीकडून डबा धरून उभी राहिली. चक्री मंदावली तसा, पट्टी खिळ्यावरच थांबावी म्हणून, फेर्मीननं अलीकडून हळूच गुडघा दाबला. वडिलांनी शिव्या घातल्या असत्या. पण पाठ आता ऐकत नव्हती. गुडघ्याच्या जागी डब्याचा रंग केव्हाच उडाला होता.

पट्टी खिळ्याशी अडखळली. पुढे सरकली. दोन.

"मेलं तुझं नशीब," रेमे म्हणाली. मग तिनं नेहमीसारखा डबा पुसला.

सात

"अरे, दे ना सोडून!" सातावर थांबलेली पट्टी बघून रेमे म्हणाली. "तुझा बाप काय विचारायला येणारे?"

"नाही."

"मग मर ओझ्याखाली."

तिनंच डब्याचा पट्टा त्याच्या खांद्यावर चढवला. घरी जाताना ती फुलवालीशी थांबली, औषधवाल्याच्या आईशी थांबली, लॉटरीवाल्या आंधळ्याला टोमणा मारून हसली. फेर्मीन प्रत्येक वेळी भिंतीला टेकून वाट बघत राहिला.

खिळा

रेमेला ताप होता. फेर्मीन एकटाच होता. गुडघा इतका ठणकत होता की त्यानं तो लावलाच नाही. नुसती चक्री फिरवली.

पट्टी खिळ्यावर येऊन थांबली.

तो हसला. मग फडकं काढलं, कारण आज पुसायला रेमे नव्हती. पुसत पुसत तो पलीकडे गेला.

रेमे रोज उभी राहायची तिथं, त्याच्या गुडघ्याच्या जागेच्या बरोबर समोर, रंग उडाला होता. त्याच्या बाजूपेक्षा जास्त. तिथं पत्रा आत दबला होता, आणि त्यावर रेमेच्या अंगठीचे बारीक ओरखडे होते. असंख्य.

फेर्मीननं त्यावर तळवा ठेवला.

घरी रेमे पलंगावर उठून बसली होती. तापातही कानात डूल.

"माझ्याशिवाय फिरवलंस?"

"हो."

ती पांघरुणाची घडी करू लागली. त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, "काय आलं?"

फेर्मीननं खांद्यावरचा पट्टा उतरवला.

"पाच."