रंग वाळेपर्यंत

सासूबाईंना वृद्धाश्रमात सोडताना सून म्हणाली होती, "तुमच्या खोलीचा रंग वाळला की लगेच न्यायला येते." त्याला आता कितीतरी महिने झाले.

खोली रंगवून झाली, सासूबाईंचा पलंग निघाला, आणि त्या मोकळ्या भिंतीवर काय लावायचं याचा घोळ सुरू झाला. जुन्या बाजारातून तिने आधी मधाच्या रंगाच्या काचेचा आरसा आणला. त्यात खोली आजारी दिसते म्हणून परत केला. मग हिरवा आणला, तोही नापसंत. नवरा विचारायचा, "आईला कधी आणायचं?" "अहो, आधी खोली तर नीट लागू द्या," म्हणून ती वेळ मारून न्यायची.

आज निळा आरसा आला. सुतार या घरात पहिल्यांदाच आलेला. आरसा भिंतीला टेकवून तो जागा ठरवत होता आणि ती दारातून सांगत होती, "थोडा डावीकडे."

सुतार आरशात बघून अदबीने हसला. "आजी, आता धूळ उडेल. जरा पाय वर घेऊन बसता का?"

तिने खोलीत पाहिलं. पलंगाच्या जागी नुसती फरशी होती. 

कुणाचं हळू बोलणं ऐकावं तशी सुताराने मान कलती केली. मग भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं.

"वाळलाय की, आजी," तो आरशात बघत म्हणाला. "कधीच वाळलाय."